रंगवलेला नायक आणि लॉकरमधले फोटो

चित्र कसं वाचायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. ते जाणकारांचं काम. आपण पत्रकं वाचावीत, कायद्याची कलमं वाचावीत, असा समज आपल्या संघटनांमध्येही पक्का बसलेला आहे. हा समज मोडायला हवा. बायकोला मारणारा पुरुष चारचौघांत ‘चांगला माणूस’ म्हणून कसा मिरवत राहतो, हा आपल्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. त्याचं उत्तर कोर्टाच्या निकालपत्रांत जेवढं सापडतं, तेवढंच दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेल्या रंगीत चित्रातही सापडतं. अशा एका चित्राबद्दल मला लिहायचं आहे. चित्र अमेरिकेतलं, चित्रकार तिथला आणि चित्रातला खेळाडूही तिथला. पण ते वाचताना आपल्याला अनोळखी असं फारसं काही भेटणार नाही.

सूपचे डबे आणि मेरिलिन मन्रोचे चेहरे रंगवून प्रसिद्ध झालेला अँडी वॉरहॉल याने १९७७ साली दहा खेळाडूंची चित्रं केली. रिचर्ड वाइझमन नावाच्या धनिक संग्राहकाने ती त्याच्याकडून करवून घेतली. मुष्टियोद्धा महंमद अली, फुटबॉलपटू पेले, बास्केटबॉलचा करीम अब्दुल-जब्बार, गोल्फचा जॅक निकलॉस, बेसबॉलचा टॉम सीव्हर, आइस हॉकीचा रॉड गिल्बर्ट, जॉकी विली शूमेकर, टेनिसपटू क्रिस एव्हर्ट, बर्फावर स्केटिंग करणारी डोरोथी हॅमिल आणि अमेरिकन फुटबॉलचा ओ. जे. सिम्प्सन. प्रत्येक चित्र चाळीस इंच लांब आणि तेवढंच रुंद. वॉरहॉल आधी पोलरॉइड कॅमेऱ्याने खेळाडूचे झटपट फोटो काढी, त्यांतला एक निवडी, मोठा करून जाळीवर उतरवी आणि जाळीतून शाई दाबून कॅनव्हासवर उमटवी. लग्नपत्रिका, कापडी फलक आणि आपल्या मोर्च्यांची पोस्टर्स ज्या स्क्रीन प्रिंटिंगने आपण छापून घेत आलो, तीच ही पद्धत. फोटोच्या जोडीला त्याने रंगांचे मोकळे, ठसठशीत फटकारे दिले. एकाच खेळाडूच्या अनेक प्रती, आणि प्रतीगणिक रंगांचा मेळ निराळा.

सिम्प्सनच्या चित्रात त्याचा देखणा चेहरा आहे आणि हातात त्या खेळाचा लांबट चेंडू. वय तीस. अंगावर धूळ नाही, घाम नाही. पळणाऱ्या माणसाचं हे चित्र आहे असं वाटतही नाही, आणि तरी सारा देश त्याला ओळखत होता तो पळण्यासाठीच. १९७३ च्या हंगामात, अवघ्या चौदा सामन्यांत, चेंडू घेऊन तो २००३ यार्ड धावला होता. एका हंगामात दोन हजारांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला खेळाडू. १९७५ पासून भाड्याने मोटारी देणाऱ्या हर्ट्झ कंपनीच्या जाहिरातीत तो कोट-टाय घालून विमानतळावरून धावताना घराघरांत दिसत होता. वॉरहॉलने चित्र केलं ते या माणसाचं. खेळ संपल्यावर उरते ती कीर्ती, तिला त्याने रंग दिले.

आता चित्रांच्या भिंतीकडे थोडं मागे सरून पाहू. दहांपैकी आठ पुरुष, दोन बायका. दोघीही गोऱ्या, दोघीही त्या काळच्या वर्तमानपत्रांना ‘नाजूक’ आणि ‘गोड’ म्हणायला आवडतील अशा खेळांतल्या. त्यांचं कर्तृत्व खरंच मोठं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण बिली जीन किंग या भिंतीवर नाही. २० सप्टेंबर १९७३ रोजी ह्यूस्टनमध्ये बॉबी रिग्ज या पंचावन्न वर्षांच्या माजी विजेत्याला तिने तीन सरळ सेटमध्ये हरवलं होतं, कोट्यवधी लोकांनी ते टेलिव्हिजनवर पाहिलं होतं. बायकांना पुरुषांइतकंच बक्षीस मिळावं म्हणून ती भांडली होती आणि अमेरिकन ओपन स्पर्धेने त्याच वर्षी ते मान्य केलं होतं. कीर्ती हाच निकष धरला तर तिच्याजवळ कमी नव्हती. भांडणाऱ्या बाईची कीर्ती मात्र दिवाणखान्याला मानवत नाही.

आणखी एक चित्र शेजारी ठेवू. मेरिलिन मन्रो ऑगस्ट १९६२ मध्ये वारली आणि लगोलग वॉरहॉलने तिची चित्रं करायला घेतली. आधार होता ‘नायगारा’ या १९५३ च्या सिनेमाच्या जाहिरातीसाठी काढलेला फोटो. पिवळेधमक केस, निळ्या पापण्या, लाल ओठ. पद्धत तीच, चित्रकार तोच. पण खेळाडूला त्याचं हत्यार मिळालं: अलीला त्याच्या मुठी, सिम्प्सनला चेंडू, एव्हर्टलाही तिची रॅकेट. मेरिलिनला हातच नाहीत. तिचं काम, तिने घेतलेली मेहनत, यांतलं काही चित्रात उतरलं नाही. उतरले ते ओठ. वॉरहॉल हे मुद्दाम दाखवत होता, समाज बाईचं काय करतो यावरच त्याने बोट ठेवलं, असं काही समीक्षक म्हणतात. म्हणू देत. तसं असेल तर खेळाडूंच्या चित्रांनाही तोच न्याय लावला पाहिजे: समाज पुरुषाचं काय करतो हे त्यांत वाचलं पाहिजे.

ते वाचायला १९७७ सालीच परत जावं लागतं. त्याच वर्षी बेव्हर्ली हिल्समधल्या एका नाइट क्लबमध्ये वेट्रेस म्हणून काम करणारी अठरा वर्षांची निकोल ब्राउन सिम्प्सनला भेटली. तेव्हा तो विवाहित होता. १९७९ मध्ये त्याचा घटस्फोट झाला, १९८५ मध्ये त्याने निकोलशी लग्न केलं. १ जानेवारी १९८९ च्या पहाटे पोलिसांना फोन गेला. पोलीस आले तेव्हा ती झुडपांतून धावत बाहेर आली. तोंडावर मार, थंडीत अंगावर पुरते कपडे नाहीत, आणि तो मला मारून टाकील असा आकांत. तुम्ही याआधी आठ वेळा आलात आणि काहीच केलं नाहीत, असं तिने पोलिसांना सुनावल्याची नोंद आहे. पोलीस अटक करायला दारात उभे असताना सिम्प्सन गाडी काढून निघून गेला. पुढे कोर्टात त्याने आरोपाला विरोध केला नाही. शिक्षा काय? दोन वर्षं देखरेख, १२० तास समाजसेवा, दंड, आणि समुपदेशन. तेही टेलिफोनवरून घेण्याची मुभा. तुरुंगवास एक दिवसाचाही नाही. त्याच वर्षी एनबीसी या मोठ्या टेलिव्हिजन कंपनीने त्याला सामन्यांचा समालोचक म्हणून घेतलं. मोटार कंपनीनेही त्याला दूर केलं नाही.

इथे चित्राचा पहिला अर्थ लागतो. नायकाचा रंग हा एक प्रकारचा जामीन असतो. तो आधीच भरून ठेवलेला असतो आणि वेळ आली की वापरला जातो. हवालदार दारात आला की त्याला समोर नवरा दिसत नाही. चेंडू घेतलेला, हसणारा, घराघरांत पाहिलेला चेहरा दिसतो. ती जे सांगते ते या चेहऱ्याच्या विरोधात सांगते, आणि चेहरा तिच्या आधी तिथे पोहोचलेला असतो.

निकोलचेही फोटो होते. १९९२ मध्ये घटस्फोट झाला. १२ जून १९९४ च्या रात्री लॉस एंजेलिसमधल्या तिच्या घराबाहेर तिचा आणि रॉन गोल्डमन या तरुणाचा खून झाला. तिच्या मृत्यूनंतर बँकेतला लॉकर उघडण्यात आला. त्यात सुजलेल्या, काळ्यानिळ्या चेहऱ्याचे तिचे फोटो होते, त्याने माफी मागितलेली पत्रं होती आणि तिचं मृत्युपत्र होतं. वय पस्तीस. आपण मेल्यावर आपल्या वतीने कुणी बोलावं लागेल, तर हातात काही असावं, म्हणून एका बाईने जपून ठेवलेला हा ऐवज.

एक फोटो श्रीमंताच्या पैशाने काढला गेला, मोठा केला गेला, रंगवला गेला, त्याच्या प्रती निघाल्या. दुसरे फोटो बँकेच्या लोखंडी पेटीत अंधारात राहिले. पहिल्यावर सही करायला चित्रकार होता. २०२१ मध्ये न्यूयॉर्कला यातली एक प्रत लिलावात आली तेव्हा तिच्यावर वॉरहॉलच्या जोडीला खुद्द सिम्प्सनचीही सही होती. दुसऱ्यांवर सही कुणाची असणार? पहिला फोटो पाहणाऱ्याला कुणी विचारलं नाही की हा माणूस खरंच इतका उमदा आहे का, पुरावा काय. दुसऱ्यांबद्दल मात्र लगेच प्रश्न: कधी काढले? कुणी काढले? हा मार त्यानेच दिला कशावरून? या दोन फोटोंमधलं अंतर म्हणजेच आपलं सगळं काम आहे.

खटल्याचा निकाल सगळ्यांना माहीत आहे. ३ ऑक्टोबर १९९५ रोजी ज्यूरीने सिम्प्सनला निर्दोष ठरवलं. फेब्रुवारी १९९७ मध्ये दिवाणी न्यायालयाच्या ज्यूरीने दोन्ही मृत्यूंसाठी त्याला जबाबदार धरलं आणि भरपाईची एकूण रक्कम ३ कोटी ३५ लाख डॉलरवर गेली. १० एप्रिल २०२४ रोजी तो कर्करोगाने वारला. फौजदारी कोर्टाने सोडलेल्याला आपण खुनी म्हणायचं नाही, तो आपला मुद्दाही नाही. मुद्दा १९८९ चा आहे, आणि त्याबद्दल कोर्टाची नोंद आहे. निकालानंतर एका ज्यूरी सदस्येने म्हटलं की घरातल्या मारहाणीचा पुरावा मांडणं हा वेळेचा अपव्यय होता. खून वेगळा, मारहाण वेगळी! जिने वर्षानुवर्षं मार खाल्ला तिच्या मरणाशी त्या माराचा काही संबंध असू शकतो, हे ऐकून घेण्याचीही गरज वाटली नाही.

त्या बारा जणांत दहा बायका होत्या. ‘बघा, बायकाच बायकांच्या शत्रू’ असं म्हणायला अनेकांना तेव्हा उकळ्या फुटल्या. हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो, आणि ते इथेही खोटं आहे. त्या बायकांपैकी बहुतेक काळ्या होत्या. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९९१ मध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला रस्त्यात पाडून कसं बडवलं, ते जगाने पाहिलं होतं. १९९२ मध्ये त्या पोलिसांची खटल्यात सुटका झाली आणि शहर पेटलं. सिम्प्सनच्या खटल्यात एका तपास अधिकाऱ्याची वर्णद्वेषी बरळ टेपवर निघाली. अशा पोलिसांवर त्या बायकांनी विश्वास का ठेवावा? अटकेनंतर ‘टाइम’ साप्ताहिकाने २७ जून १९९४ च्या मुखपृष्ठावर सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला फोटो मुद्दाम अधिक काळवंडून छापला. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तोच फोटो जसाच्या तसा छापल्यामुळे लबाडी उघडी पडली. म्हणजे वॉरहॉलच्या रंगांनी ज्याला उजळवलं, त्यालाच सतरा वर्षांनी शाईने काळं केलं. दोन्ही वेळा चेहरा त्याचाच. काळा पुरुष एकतर झळाळता नायक नाहीतर अंधारातला गुन्हेगार. मधला साधा माणूस, जो बायकोला मारतो आणि ज्याला त्याबद्दल जाब विचारला पाहिजे, तो कुठल्याच चित्रात नाही.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण आहे. वंशद्वेषाविरुद्ध बोलायचं तर घरातल्या मारहाणीबद्दल गप्प बसा, आणि मारहाणीबद्दल बोलायचं तर पोलिसांचा द्वेष विसरा, अशी कोंडी त्या वेळी बायकांपुढे उभी करण्यात आली. काळ्या स्त्रीवाद्यांनी ती नाकारली. वंश आणि लिंग यांचा जाच एकमेकांत गुंतलेला असतो, एकाचं नाव घेताना दुसऱ्याला झाकता येत नाही, ही मांडणी किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ पासूनच केलेली होती. आपल्याकडे दलित स्त्रियांनी हेच दोन आघाड्यांवर सांगितलं: सवर्ण बायकांच्या संघटनांना जातीबद्दल, आणि आपल्याच चळवळीतल्या पुरुषांना घरातल्या वागणुकीबद्दल. ‘समाजाची बदनामी नको’ म्हणून जिला गप्प केलं जातं, तिला ही अमेरिकेतली कोंडी समजावून सांगावी लागणार नाही.

आता जाणकारांचा आक्षेप. चित्र १९७७ चं, मारहाणीची नोंद १९८९ ची, खून १९९४ चा. पुढे घडलेलं मागच्या चित्रावर कसं लादता? रंग पाहा, रेषा पाहा, माणसाचं चरित्र कशाला? हा आक्षेप फुलदाणीच्या चित्राबद्दल केला असता तर मी ऐकला असता. पण वॉरहॉलने खेळाडू निवडला तो त्याच्या कीर्तीसाठी. खेळाडू हेच आता सिनेनटांच्या जागी आले आहेत, हे त्याने ओळखलं होतं आणि त्यावरच ही मालिका उभी आहे. कीर्ती हाच चित्राचा विषय असेल, तर त्या कीर्तीने पुढे काय केलं हा प्रश्न बाहेरून आणलेला कसा ठरतो? ज्यांना चित्रातला नायक हवा आहे पण नवरा नको आहे, त्यांनीच चित्र अर्धं वाचलेलं आहे. शिवाय ते चरित्र नको म्हणतात ते इथेच. लिलावात प्रतीची किंमत लावताना खेळाडूची सही, त्याचा विक्रम, त्याचं नाव, हे सगळं चरित्र चालतं. फक्त बायकोचं चालत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या बाजूच्या मैत्रिणींचा आहे. असली चित्रं उतरवून टाका, त्यांच्याकडे पाहायचंच कशाला? त्यांचा राग मी समजू शकते, पण हा मार्ग मला पटत नाही. चित्र उतरवलं की त्याबरोबर पुरावाही जातो. एका माणसाचा चेहरा गुळगुळीत करून, त्याच्या प्रती काढून, लाखो लोकांच्या मनात ‘हा आपला माणूस’ कसा ठसवला गेला, याचा तो पुरावा आहे. १७ जून १९९४ रोजी पोलीस त्याच्या गाडीचा पाठलाग करत होते तेव्हा सुमारे साडेनऊ कोटी अमेरिकन माणसं ते टेलिव्हिजनवर पाहत होती आणि रस्त्याकडेला, पुलांवर जमलेले लोक त्याला ओरडून उत्तेजन देत होते. दोन माणसांचे खून होऊन पाच दिवस झाले होते, आणि गर्दीला अजून चेंडू घेऊन धावणाराच दिसत होता. ही गर्दी एका दिवसात तयार झाली नाही. चित्र राहू द्या. त्याच्याखालच्या पाटीवर १९७३ च्या विक्रमाशेजारी १९८९ ची नोंदही लिहा, आणि मग लोकांना पाहू द्या.

हे सगळं आपल्या कामाशी कुठे जोडलेलं आहे ते सांगते. मी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. ‘ताई, बाहेर सगळे त्याला देवमाणूस म्हणतात’ हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या बाईच्या तोंडून इतक्या वेळा येतं की ते तक्रारीचाच भाग समजायला हवं. तालमीतला पैलवान, कबड्डीच्या संघाचा कप्तान, मंडळाचा अध्यक्ष, शाळेतले आवडते गुरुजी, आणि हो, मोर्च्यात आपल्या शेजारून घोषणा देणारा कार्यकर्ताही. प्रत्येकाचं एक चित्र गावात टांगलेलं असतं. हल्ली तर ते अक्षरशः टांगलेलं असतं: चौकाचौकात वाढदिवसाचा फ्लेक्स, गडद रंग, हसरा चेहरा, गळ्यात साखळी. वॉरहॉलला श्रीमंत ग्राहक लागला. आपल्याकडे चार मित्रांनी वर्गणी काढली की नायक तयार होतो. त्या फ्लेक्सखालून चालत जाऊन बाईला पोलीस ठाण्याची पायरी चढायची असते. आत बसलेल्याने तो फ्लेक्स येता-जाता पाहिलेला असतो, म्हणून एन.सी. नोंदवून तिला परत पाठवलं जातं.

आणि तिने लिहून ठेवलेलं असलं तरी ते कसं वाचलं जातं, हे महाराष्ट्रातल्या बायकांनी फार पूर्वी पाहिलं आहे. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा विषबाधेने मरण पावली. बहिणीला आणि मैत्रिणीला तिने लिहिलेल्या पत्रांत सासरचा जाच होता. खालच्या कोर्टाने आणि उच्च न्यायालयाने नवऱ्याला दोषी धरलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. तिच्या दुःखाची तीच पत्रं, तिने आत्महत्याही केली असू शकेल या शंकेला आधार ठरली. पुण्यातल्या स्त्री संघटनांनी त्या निकालाविरुद्ध आवाज उठवला तो एका खटल्यापुरता नव्हता. बाईचं लिहिलेलं, बाईने जपलेलं, तिच्याच विरुद्ध वाचलं जातं, ही पद्धत त्यांना मोडायची होती.

तेव्हापासून हत्यारं थोडी वाढली. ४९८अ १९८३ मध्ये आलं, आज ते भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. टाटा समाज विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेल्या विशेष कक्षाने, पोलीस यंत्रणेतच बाईचं ऐकून घेणारी जागा असू शकते हे दाखवून दिलं. पण कायद्याचा कागद ज्याच्या हातात जातो त्याचे डोळे कायद्याने बदलत नाहीत. ते बदलणं हे आपलं काम आहे, आणि ते चित्र वाचायला शिकण्यापासून सुरू होतं.

म्हणून काही अगदी साध्या गोष्टी सुचवते. पहिली, जबाब लिहून घेताना किंवा कौटुंबिक घटना अहवाल भरताना नवऱ्याच्या सामाजिक प्रतिष्ठेचे दाखले गुणांच्या रकान्यात जाऊ देऊ नका. तो चांगला खेळतो, चांगलं बोलतो, वर्गणी देतो, यातलं काहीही मारहाणीच्या तक्रारीला उत्तर होऊ शकत नाही. उलट त्याला गावात किती मान आहे, हे तिच्यावरच्या दबावाचं माप म्हणून नोंदवा. दुसरी, बाईच्या जखमांचे फोटो, डॉक्टरांचा कागद, एन.सी.ची प्रत एकट्या तिच्याकडे राहू देऊ नका. तारीख घालून एक संच संघटनेकडे आणि एक तिच्या विश्वासातल्या माणसाकडे असू द्या. सासरच्या कपाटात किंवा नवऱ्याला उघडता येणाऱ्या मोबाइलमध्ये नको. तो ऐवज ती जिवंत असताना उपयोगी पडला पाहिजे. तिसरी, शिबिरांत कलमं शिकवण्याआधी एक तास चित्रांना द्या. आपल्याच चौकातला एखादा फ्लेक्स, एखादं सिनेमाचं पोस्टर, एखाद्या खेळाडूचं रंगीत चित्र भिंतीवर लावा आणि विचारा: याच्या हातात काय दिलंय? शेजारी कुणाला जागा नाही? हे करायला पैसे कुणी दिले? आणि याच्या घरातून कुणी तक्रार घेऊन आलं, तर तुम्ही आधी कुणाकडे पाहाल?

शेवटच्या प्रश्नाला खोलीत थोडी शांतता पडते. ती पडू द्या. घाईने उत्तर सांगू नका. बायकांना उत्तर माहीत असतं, ते मोठ्याने म्हणायची सवय तेवढी लावायची आहे.